रक्तातलं तांबं

गोव्यात एखाद्या घरात डायबिटीस निघाला की औषधांच्या आधी सल्ले पोचतात. कारल्याचा रस, रात्री भिजत घातलेल्या मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, आणि हमखास रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. सल्ला देणारी माणसं आपलीच असतात आणि मनापासून सांगत असतात. माझ्या आईला शुगर निघाली तेव्हा शेजारच्या काकी चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्या घेऊन आल्या. आईनं तो ठेवून घेतला, आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, ‘‘तू मुलांना केमिस्ट्री शिकवतेस गो. हे पाणी पोटात गेल्यावर रक्तात काय करतं, ते सांग बघू.’’

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण आईला दोन वाक्यांची उत्तरं पटत नाहीत, आणि हा प्रश्न तर फार खोल जाणारा आहे. रक्तातलं तांबं, जस्त, लोह आणि रक्तातली साखर यांचा एकमेकांशी संबंध आहे. तो तांब्यातल्या पाण्याच्या सल्ल्यात सांगतात तसा नाही, पण आहे. गेली काही वर्षं मी हाच विषय वाचते आहे, वर्गात शिकवते आहे. आईला तुकड्यातुकड्यानं जे सांगत गेले ते इथे सलग लिहिते.

आधी आपल्या घरचा आकडा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, उत्तर प्रदेशात सगळ्यांत कमी, ४.८ टक्के, आणि गोव्यात सगळ्यांत जास्त, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. फोंड्याच्या बाजारात, देवळाच्या सभामंडपात, बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत, कुठेही उभं राहा, ही माणसं आसपास असतातच. त्यांच्याशी आपण फक्त गोडाविषयी बोलतो. ‘चहात साखर घालू ना?’ एवढंच. साखर रक्तात वाढल्यावर पुढे नेमकं काय बिघडवते, डोळे आणि मूत्रपिंड का जातात, पायाच्या बोटांतली जाणीव का मरते, हे त्यांना कुणी बसून सांगत नाही. मला हे फार खटकतं. ज्याला आयुष्यभर एका आजाराबरोबर राहायचं आहे त्याला त्या आजाराचं रसायन समजून घ्यायचा हक्क आहे, मग त्याचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं असो की पदवीपर्यंत.

धातूंपासून सुरुवात करते. डिचोली-सांखळीच्या बाजूला वाढलेल्या माणसाला लोखंड शरीराबाहेर भरपूर दिसतं. खाणींची लाल माती, मांडवीतून जाणारे खनिजाचे बार्ज, हे आमच्या लहानपणाचं रोजचं दृश्य होतं. शरीरातलं लोह मात्र सगळं मिळून तीन-चार ग्रॅम. जस्त दोन ग्रॅमच्या आसपास. तांबं त्याहून पुष्कळ कमी, सुमारे १०० मिलिग्रॅम. आणि या १०० मिलिग्रॅममधलं मोकळं, कुणी न धरलेलं तांबं जवळजवळ शून्य. शरीर ते मोकळं राहूच देत नाही.

याला सबळ कारण आहे. तांब्याचा अणू इलेक्ट्रॉन सहज घेतो आणि सहज देतो. या गुणामुळेच श्वसनातल्या शेवटच्या एन्झाइमला, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, तो लागतो, लोहाची ने-आण करायला लागतो. पण हाच गुण बेवारस झाला तर तांबं हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडताच त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार करतं. हा मूलक इतका उतावळा असतो की जवळ असेल त्याला तोडतो. पेशीचं पटल असो, प्रथिन असो, डीएनए असो. म्हणून रक्तात धातू धरून ठेवणारी प्रथिनं आहेत. तांब्याचा मोठा वाटा सेरुलोप्लाझ्मिनकडे असतो. लोह ट्रान्सफेरिनकडे, एका रेणूत दोन अणू, आणि निरोगी माणसात ट्रान्सफेरिनच्या साधारण एक तृतीयांश जागाच भरलेल्या असतात. बाकी रिकाम्या, म्हणजे जादा लोह आलंच तर धरायला सोय आहे. आणि तिसरं अल्ब्युमिन.

अल्ब्युमिनविषयी मला विशेष माया आहे. आपल्या रिपोर्टात त्याची एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. लिटरभर रक्तद्रवात ते ३५ ते ५० ग्रॅम असतं, रक्तद्रवातल्या सगळ्या प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक. यकृत ते रोज नव्यानं बनवतं. ५८५ अमिनो आम्लांची एकच साखळी, तिला १७ गंधक-गंधक बंधांनी घडी घातलेली. ते रक्तातलं पाणी रक्तातच राखतं, चरबीची आम्लं वाहून नेतं, बिलिरुबिन वाहतं, आपण घेतलेल्या कितीतरी गोळ्यांचं औषध वाहतं, आणि धातूही वाहतं.

त्याच्याकडे धातूंसाठी दोन ठळक जागा आहेत. पहिली साखळीच्या अगदी सुरुवातीला. पहिली तीन अमिनो आम्लं अॅस्पार्टिक आम्ल, अॅलनिन आणि हिस्टिडिन. यांचे चार नायट्रोजन मिळून तांब्याला चहूबाजूंनी चौकटीत बसवतात. ही पकड विलक्षण घट्ट असते, आणि चौकटीत बसलेल्या तांब्याला फारशी गडबड करता येत नाही. दुसरी जागा साखळीच्या मध्यात आहे, दोन घड्यांच्या सांध्यात. तिथे जस्त बसतं. एडिंबरात पीटर सॅडलर, अॅलन स्ट्युअर्ट, क्लाउडिया ब्लिंडाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही जागा नेमकी कुठली ते दाखवून दिलं. रक्तद्रवातलं तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त जस्त अल्ब्युमिनच्या अंगावरच असतं.

आता यात साखर आणू या.

सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो तेव्हा त्याच्या टोपलीतल्या पोया आणि उंडे या पावांना जो तांबूस रंग असतो, तो पिठातली साखर आणि पिठातलं प्रथिन भट्टीच्या आचेवर एकमेकांत गुंतल्यामुळे आलेला असतो. लुई कामी माय्यार या फ्रेंच रसायनज्ञानं १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं. आपल्या रक्तात हीच अभिक्रिया चालते. भट्टीत ती काही मिनिटांत होते, रक्तात ३७ अंशांवर आठवडे घेते. फरक वेगाचा आहे, जातीचा नाही.

ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक उघडं झालं की ते प्रथिनाच्या अमिनो गटाला धरतं. हे पहिलं धरणं सैल असतं. साखर कमी झाली तर सुटूही शकतं. पण काही वेळानं त्या जोडणीतले अणू आपली मांडणी बदलतात, आणि मग ती साखर सहजासहजी सुटत नाही. या टप्प्याला अमाडोरी पुनर्रचना म्हणतात. त्याही पुढे महिनोन्‌महिने गेले की तिथे तपकिरी, कायमची, प्रथिनाला प्रथिनाशी बांधून टाकणारी संयुगं तयार होतात. सगळ्या प्रकाराला ग्लायकेशन म्हणायचं. यात एन्झाइम नाही, शरीराची आज्ञा नाही. साखर किती आणि वेळ किती, एवढंच मुख्यतः त्यात मोजलं जातं.

आपण सगळे जी ‘तीन महिन्यांची’ तपासणी करतो ती यावरच उभी आहे. तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांना १९६८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात आढळलं. तेच आपलं एचबीए१सी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते या आकड्यात दिसतं. ६.५ टक्के किंवा वर गेलं की मधुमेह.

हिमोग्लोबिनला साखर चिकटते हे आता घरोघरी माहीत आहे. पण साखर हिमोग्लोबिन तेवढं शोधत जात नाही. ती समोर येईल त्या प्रथिनाला चिकटते, आणि रक्तद्रवात सगळ्यांत जास्त समोर येतं ते अल्ब्युमिन. त्याच्या साखळीत ५९ लायसिन आहेत, म्हणजे साखर चिकटू शकेल अशा ५९ जागा. प्रत्यक्षात त्यातल्या थोड्याच खऱ्या नाजूक. ५२५ क्रमांकाच्या लायसिनवर साखर सगळ्यांत जास्त बसते. निरोगी माणसातही थोडंफार अल्ब्युमिन असं साखर चिकटलेलं असतं. मधुमेहात ते दुप्पट-तिप्पट होऊ शकतं.

इथे वर्गात मुलं घाई करतात. साखर चिकटली म्हणजे धातूची जागा अडली, सर्व स्पष्ट झालं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. ५२५ वं लायसिन हे तांब्याच्या चौकटीपासून खूप लांब आहे. चौकट साखळीच्या पहिल्या टोकाला, हे लायसिन जवळजवळ दुसऱ्या टोकाला. साखर जर थेट पहिल्या अमिनो गटावर बसली तर चौकट मोडेल हे खरं, कारण चार नायट्रोजनांतला एक तोच आहे. पण बहुतेक वेळा ती तिथे बसत नाही. मग धातूंच्या पकडीवर परिणाम होतो तो कसा? एक तर साखर चिकटल्यानं लायसिनवरचा धन भार बदलतो, घडी किंचित हलते. दुसरं म्हणजे अल्ब्युमिनवर एकच मोकळा गंधक गट आहे, ३४ व्या जागेवर. रक्तातल्या ऑक्सिडीकरणाचा मारा झेलणं हे त्याचं काम. मधुमेहात तो गट जास्त प्रमाणात आधीच खर्ची पडलेला आढळतो. तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. साखर चिकटलेल्या जागा स्वतःच धातू धरू लागतात.

जॉन ईटन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही गोष्ट मांडली. ग्लायकेशन झालेली प्रथिनं तांबं आणि लोह धरतात, पण त्या जागा चौकटीसारख्या नसतात. तिथे बसलेलं तांबं झोपत नाही. ते इलेक्ट्रॉन घेत-देत राहतं, मूलक बनवत राहतं. त्यांनी अशा प्रथिनांना ‘ग्लायकोचेलेट’ असं नाव दिलं. म्हणजे रक्तात तांबं ‘बांधलेलं’ दिसेल, मोजणीत मोकळं भरणार नाही, आणि तरी ते मोकळ्या तांब्यासारखं वागेल. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आईच्या पायांतली जळजळ, तिच्या डोळ्याच्या पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलेले बारीक ठिपके, हे सगळं मला एकदम रसायनाच्या भाषेत दिसू लागलं. एवढ्या एका कारणानं ते होतं असं मी म्हणत नाही. कारणं अनेक आहेत, मूत्रपिंडात वेगळी, नसांत वेगळी. पण हे त्यांतलं एक आहे, आणि याच्याविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही.

यात एक चक्र आहे, ते नीट पाहायला हवं. सायमन वुल्फ आणि रॉजर डीन यांनी १९८७ मध्ये दाखवलं की धातूचा लवलेश असला तर ग्लुकोज स्वतःच ऑक्सिडीकृत होतं आणि प्रथिनांना आणखी इजा करतं. जॉन बेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकटलेल्या साखरेचं ऑक्सिडीकरण होऊन पुढची कायमची संयुगं कशी बनतात ते उलगडलं. त्यांतलं कार्बॉक्सिमिथिल लायसिन हे सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं. प्रयोगशाळेत कोलॅजन आणि ग्लुकोज एकत्र ठेवून त्यात धातू पकडून ठेवणारं रसायन घातलं, की साखर चिकटते खरी, पण पुढचं तपकिरी होणं आणि धागे एकमेकांत गुंतणं जवळजवळ थांबतं. म्हणजे साखर प्रथिनाला धातूंच्या बाबतीत बेभरवशाचं करते, आणि ते धातू साखरेचं नुकसान पुढे रेटतात. ट्रान्सफेरिनला साखर चिकटली की त्याची लोह धरायची क्षमता घटते. सेरुलोप्लाझ्मिनला चिकटली तर ते तुटू लागतं आणि त्याच्या पोटातलं तांबं बाहेर पडतं. सगळे पहारेकरी एकाच वेळी थकलेले.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत महागडी उपकरणं नाहीत. तरी हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून मी शेवटच्या वर्षाला एक प्रयोग देते. गाईचं अल्ब्युमिन दोन बाटल्यांत, एका बाटलीत ग्लुकोज, दुसरीत नाही. बुरशी लागू नये म्हणून सोडियम अझाइडचा थेंब. दोन्ही बाटल्या ३७ अंशांच्या पेटीत काही आठवडे. मग मोकळी साखर पडद्याच्या पिशवीतून गाळून टाकायची, आणि दोन्हींत कोबाल्ट क्लोराइडचं मोजून सारखंच द्रावण घालायचं. थोडं थांबून डायथायोथ्राइटॉल. अल्ब्युमिननं न धरलेल्या कोबाल्टशी मिळून त्याचा तपकिरी रंग येतो, आणि तो ४७० नॅनोमीटरवर मोजता येतो. रंग गडद असेल तितकं कोबाल्ट सुटं. ग्लुकोजात राहिलेल्या अल्ब्युमिनच्या नळीत रंग जास्त गडद येतो. आकडा येण्याआधीच मुलांना तो दिसतो, आणि वर्ग गप्प होतो. गेल्या खेपेला सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, ‘‘टीचर, साखर गाळून टाकली ना आपण? मग तरी रंग कसा?’’ तिच्या घरी वडिलांना शुगर आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, गाळली ती मोकळी साखर. चिकटलेली तिथेच आहे. आज सकाळी उपाशीपोटी रीडिंग चांगलं आलं म्हणून गेल्या महिन्यात चिकटलेली साखर सुटत नाही. ते प्रथिन जुनं होऊन शरीरातून गेलं की ती जाते.

हीच कोबाल्टची चाचणी खऱ्या दवाखान्यांसाठी तयार झाली होती, आणि तिची कथा मला इथे सांगायलाच हवी. डेन्व्हरचे डॉक्टर डेव्हिड बार-ऑर यांनी २००० मध्ये ती मांडली. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडलेल्या रुग्णांचं अल्ब्युमिन कोबाल्ट कमी धरतं, असं त्यांना आढळलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं चाचणीला मान्यता दिली. सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी की रक्तपुरवठा तुटल्यावर साखळीचं पहिलं टोक, ती तांब्याची चौकट, रासायनिक रीतीनं बदलते. मग मधुमेहींमध्येही, छातीत काही दुखत नसताना, कोबाल्टची पकड कमी आढळू लागली. आणि पुढे कळलं की कोबाल्ट मुळात त्या टोकाला प्राधान्य देतच नाही. त्याच्या आवडत्या जागा आत आहेत, त्यांतली एक म्हणजे जस्ताचीच. तिथे जवळच चरबीच्या आम्लाची बसायची जागा आहे. चरबीचं आम्ल तिथे येऊन बसलं की घडी सरकते, आणि धातूची जागा मोडते. साखर नाही, कसला कायमचा बदल नाही, फक्त शेजारी एक पाहुणा आला.

मधुमेहात, विशेषतः इन्शुलिन कमी पडत असताना, रक्तात चरबीची मोकळी आम्लं वाढलेली असतात. तेव्हा आमच्या बाटलीतल्या प्रयोगावरून ‘सगळं साखरेनं केलं’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. शरीरात दोन्ही चालतं. काही बदल साखरेनं कायमचे केलेले, काही चरबीच्या आम्लांनी तेवढ्यापुरते. पहिले ते प्रथिन बदललं की, म्हणजे आठवड्यांनी, हटतात, दुसरे इन्शुलिनचं काम सुधारलं की बरेच लवकर. एकाच तपकिरी रंगात दोन्ही मिसळतात. म्हणूनच तो रंग बघून कुणी ठाम निदान करू नये असं मी मुलांना सांगते.

जस्ताचं दुःख आणखी वेगळं आहे. स्वादुपिंडात इन्शुलिन साठवलं जातं ते सहा-सहा रेणूंचे गट करून, आणि त्या गटाच्या मध्याशी जस्ताचे दोन अणू असतात. टोरोंटोत १९३४ मध्ये डी. ए. स्कॉट यांनी जस्ताच्या मदतीनं इन्शुलिनचे स्फटिक केले तेव्हापासून हे नातं माहीत आहे. ज्या आजारात इन्शुलिन तुटपुंजं पडतं त्याच आजारात जस्त लघवीवाटे जास्त वाहून जातं, आणि रक्तातलं उरलेलं जस्त ज्या प्रथिनावर बसायचं त्याची जागा चरबी अडवते. मला हे अन्यायकारक वाटतं. रसायनाला न्याय-अन्याय नसतो हे मी जाणते, तरी वाटतं.

आता तांब्याचं पाणी. आईला मी जे सांगितलं ते असं. तुझ्या शरीरात तांब्याची टंचाई नाही. मधुमेहींच्या रक्तात तांबं बहुतेक अभ्यासांत बरोबरीचं किंवा थोडं जास्तच निघतं. तांबं कमी असणं ही अडचण नाही, ते ज्यांनी सांभाळायचं त्या प्रथिनांना साखर चिकटली आहे ही अडचण आहे. तेव्हा आणखी तांबं पाठवून साखर उतरणार नाही. पण घाबरायचंही कारण नाही. स्वच्छ भांड्यात रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात तांबं अगदी थोडं उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅमची आहे. आपल्या आज्या-पणज्या कळशीतलं पाणी प्यायच्या, न्हाणीत तांब्याचं भाण असायचं. मात्र लिंबू पिळलेलं पाणी, सोलकढी, चिंचेचा कोळ, काही आंबट असेल ते कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवायचं नाही. आंबटात तांबं झपाट्यानं उतरतं. आणि ताम्रभस्म, तांबं-जस्ताच्या गोळ्या, कुणी पार्सलनं मागवलेली पूड, यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. एवढ्या एका गोष्टीत मी आईशी कडक वागते.

उलट दिशेनं, म्हणजे तांबं काढून घेऊन, कुणी प्रयत्न केलाय का? केलाय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या गार्थ कूपर यांच्या गटानं ट्रायेंटिन हे औषध वापरलं. ते मुळात विल्सनच्या आजारासाठी, ज्यात शरीरात तांबं साचत जातं. मधुमेही उंदरांच्या हृदयाचं काम त्यानं सुधारलं, आणि टाइप २ मधुमेह असलेल्या, हृदयाची भिंत जाड झालेल्या रुग्णांत सहा महिन्यांच्या उपचारानं ती जाडी उतरली. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. मला तो निष्कर्ष अजूनही भारावून टाकतो. पण मधुमेहासाठी ते औषध रोजच्या वापरात आलेलं नाही, आणि शरीरातलं तांबं सरसकट खेचून काढणं धोक्याचं आहे, कारण ज्या एन्झाइमांना ते हवं त्यांचंही ते काढलं जाईल. म्हणून आज आपल्या हातात जे आहे ते साखर कमी चिकटू देणं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वेळेवर, जेवणात शिताचा डोंगर कमी, चालणं, झोप.

चिकटलेल्या साखरेचा हिशोब किती दिवसांचा, हेही आईला कळलं पाहिजे असं मला वाटलं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य साधारण १९ दिवस. त्याला चिकटलेली साखर मोजणाऱ्या चाचण्या आहेत, ग्लायकेटेड अल्ब्युमिनची आणि फ्रुक्टोसामिनची. त्या गेल्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतात. ज्यांना अॅनिमिया आहे, जी बाई गरोदर आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांचं एचबीए१सी फसवं असू शकतं, तिथे या चाचण्या उपयोगी पडतात. मात्र लघवीतून अल्ब्युमिन फार जात असेल तर त्याही फसतात. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की एचबीए१सीच्या रिपोर्टाबरोबर हिमोग्लोबिनचा आकडा पाहिल्याशिवाय मी कुणालाही काही सांगत नाही. लोह कमी पडल्यामुळे झालेल्या अॅनिमियात एचबीए१सी उगाच वर दिसू शकतं, आणि घरचे लोक त्या बिचारीला चोरून गोड खाल्लंस म्हणून बोलतात.

हे बोलणं मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे, आणि त्यानं माझं डोकं तापतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं घर नेवऱ्या खात असतं, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास भरलेला असतो, आणि ज्या बाईनं पहाटेपासून उभं राहून ते सगळं केलं तिच्याकडे घरातला प्रत्येकजण पहारेकऱ्यासारखा बघत असतो. ग्लायकेशन सरासरीवर चालतं. एका नेवरीनं अल्ब्युमिन बिघडत नाही, आणि एक दिवस कडक उपास केल्यानं दुरुस्त होत नाही. आईनं अर्धी पातोळी खाल्ली, तेवढं शीत कमी घेतलं आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालत गेली, तर मला ते उपाशी राहून मन मारण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

प्रत्येक प्रथिनाचं आयुष्य वेगळं. अल्ब्युमिन तीन आठवड्यांत निम्मं बदलतं, तांबडी पेशी चार महिन्यांनी. कातडीतलं आणि सांध्यांतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. आणि डोळ्याच्या भिंगातली क्रिस्टॅलिन प्रथिनं जन्मापासूनची, ती बदलतच नाहीत. तिथे चिकटलेलं तिथेच राहतं. म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येक शुगरवाल्याच्या मागे लागते: वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा दाखवा, लघवीतलं अल्ब्युमिन तपासा, पायांची जाणीव तपासून घ्या, रीडिंग कितीही चांगलं असलं तरी. आईची या वर्षीची डोळ्यांची तपासणी आम्ही चवथीच्या आठवडाभर आधीच ठरवली आहे. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तिला पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं, आणि नेवऱ्यांना मुरड घालायचं काम ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.